ठेका जरा मागे

२००२चा उन्हाळा. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून प्रिन्स्टनच्या दिशेनं चाललो होतो. रूट वनवर नेहमीची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि आल्यापासून त्यांचा जीव रमत नव्हता. मी गाडीत सीडी लावली होती, पण आवाज अगदी बारीक ठेवला होता. हे ‘ढुमढुम’ त्यांना सोसणार नाही हे मी गृहीतच धरलं होतं. बाबा म्हणजे मिरजेत चाळीस वर्षं भजनी मंडळात तबल्याला बसलेला माणूस. कुठलंही गाणं कानावर पडलं की त्यांची बोटं मांडीवर आपोआप सुरू होतात. साबणाची जाहिरातसुद्धा त्याला अपवाद नाही.

त्या दिवशीही बोटं सुरू झाली. थोडी चालली आणि थांबली.

“हा मागे पडतोय,” बाबा म्हणाले.

“बदलू का?”

“थांब गं.” पुन्हा बोटं सुरू, पुन्हा थांबली. मग त्यांनी स्वतःच आवाज वाढवला. माझ्या गाडीतल्या बटणाला ते पहिल्यांदाच हात लावत होते. “पडत नाहीये. पाडतोय. मुद्दाम पाडतोय! कोण हा?”

हा म्हणजे डिअँजेलो, अमेरिकन गायक. अल्बमचं नाव ‘वूडू’, गाणं पहिलंच, ‘प्लाया प्लाया’. सुरुवातीला दूरवर माणसांची कुजबुज, कुठेतरी अंधारात चाललेल्या विधीसारखी. मग बास गिटार येते, आणि सात मिनिटं त्या गाण्याला कसलीही घाई नसते.

आता कबुली देते. ती सीडी मी गाणी ऐकून घेतली नव्हती. न्यूयॉर्कच्या एका जुन्या सीडींच्या दुकानात चार डॉलरला मिळाली म्हणून उचलली, आणि उचलली ती मुखपृष्ठ बघून. मुखपृष्ठावर उघड्या अंगाचा डिअँजेलो आहे. त्याचा तो प्रसिद्ध व्हिडिओ ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला आधीच दाखवला होता, खिदळत खिदळत. म्हणजे हा माणूस मी आधी पाहिला होता, ऐकला नव्हता. माझ्या मालकीच्या त्या सीडीतलं गाणं ऐकलं बाबांनी, आणि तेही ट्रॅफिकमध्ये.

त्यांनी जे पकडलं ते साध्या शब्दांत असं आहे. ड्रम एका जागी पडतो. बास गिटार त्याच्या किंचित मागून येते, दार उघडून आत यावं की नाही असा विचार करत आल्यासारखी. आणि गाणारा त्या दोघांच्याही मागे, पाय ओढत. ऐकणाऱ्याला वाटतं आता हे सगळं कोसळणार. कोसळत काहीच नाही. प्रत्येक जण आपापल्या मापानं मागे असतो आणि ते माप शेवटपर्यंत सुटत नाही. “समेवर सगळ्यांनी वेगवेगळ्या वेळी यायचं असं यांचं ठरलेलं दिसतंय,” बाबा म्हणाले. या अल्बमबद्दल नंतर मी बरंच वाचलं, पण याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

त्याचं खरं नाव मायकेल युजीन आर्चर. जन्म ११ फेब्रुवारी १९७४, व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड. वडील पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक. या पंथाच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये प्रार्थना म्हणजे शांत बसून डोळे मिटणं नव्हे. ऑर्गन असतो, ड्रम असतो, टाळ्या असतात, उपदेशकाच्या प्रत्येक वाक्याला लोकांचा होकार असतो, आणि एका टप्प्यावर माणसं अंगात आल्यासारखी नाचू लागतात. दिंडीत ज्यानं टाळ वाजत असताना आपल्या पायांचं काय होतं ते पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मायकेल अगदी लहानपणापासून चर्चमध्ये पियानोवर बसायचा. तिथल्याच मोठ्या माणसांना मात्र चर्चबाहेरचं गाणं सैतानाचं वाटायचं. ही ओढाताण त्याच्या सगळ्या कामात मुरलेली आहे. ‘डेव्हिल्स पाय’ नावाचं त्याचं गाणं सैतानाच्या ताटातल्या वाट्यासाठी चाललेल्या झोंबाझोंबीचं आहे, आणि त्यात तो स्वतःला वगळत नाही.

किशोरवयात तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरला गेला. तिथं हौशी कलाकारांची रात्र असते. गाणं आवडलं नाही तर प्रेक्षक सरळ हुर्यो करून घरी पाठवतात. तिथं तो जिंकला आणि बक्षिसाच्या पैशातून त्यानं घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचं चार ट्रॅकचं यंत्र घेतलं. १९९५ साली आलेल्या ‘ब्राउन शुगर’ या पहिल्या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांचे कच्चे खर्डे रिचमंडच्या घरात त्या यंत्रावर झाले. अल्बम गोड आहे. शीर्षकगीत ऐकताना वाटतं पोरगा प्रेमात आकंठ बुडालाय. बुडालाय खरा, पण ती सावळी सखी म्हणजे गांजा आहे. हे कळेपर्यंत मी ते गाणं एका मैत्रिणीच्या लग्नाआधीच्या पार्टीत लावून मोकळी झाले होते.

त्या अल्बमनंतर त्याच्या गाण्याला ‘निओ सोल’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जुन्या सोल गाण्याचं नवं रूप, असं लेबल लागलं. त्याला ते कधी मानवलं नाही. आपण काळ्या लोकांचं संगीत करतो, एवढंच तो म्हणायचा. मलाही ते लेबल ओशट वाटतं. ‘निओ’ म्हटलं की जुनं काहीतरी इस्त्री करून आणल्यासारखं वाटतं. इथं इस्त्री कुठेच नाही.

खरी गोष्ट आहे पहिल्या आणि दुसऱ्या अल्बमच्या मधल्या वर्षांची. ती समजायला थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

हिप-हॉपचे ठेके जुळवणारे लोक जुन्या सोल रेकॉर्डमधला चार मात्रांचा, आठ मात्रांचा तुकडा कापून घ्यायचे आणि तो पुन्हा पुन्हा फिरवायचे. त्यासाठी एमपीसी नावाचं, बटणांच्या चौकटींचं एक यंत्र असतं. बोटांनी बटणं दाबायची, यंत्र ते लक्षात ठेवतं. शिवाय बोट जरा पुढे-मागे पडलं तर यंत्र तो आघात ओढून नेमक्या जागी नेऊन बसवतं. बाबांकडे रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तालमाला होती. ती त्यांनी फार तर महिनाभर वापरली. “चुकत नाही ती,” ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे, “आणि दमतही नाही. तिच्याबरोबर काय वाजवायचं?”

डेट्रॉइटमधला जे डिला हा तरुण एमपीसी वापरायचा, पण चूक दुरुस्त करणारी ती सोय बाजूला ठेवून. त्याच्या बोटांनी जिथं आघात केला तिथंच तो राहायचा. कुठे केसभर आधी, कुठे केसभर नंतर. ऐकताना वाटायचं, कुणीतरी दोन घोट घेऊन जिना उतरतंय आणि तरीही एकही पायरी चुकत नाहीये. त्याचं ते एमपीसी यंत्र आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

डिअँजेलोला ते यंत्रातलं झुलणं माणसांकडून हवं होतं. त्यानं ड्रमवर घेतला फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’ या चमूचा क्वेस्टलव्ह. याची ख्याती अशी की हा माणूस घड्याळासारखा वाजवतो. त्याला डिअँजेलो सांगत राहिला, अजून मागे, अजून ढिलं. जन्मभर लय सरळ ठेवायला शिकलेल्या हातांना वाकडं चालायला शिकवायचं! हे किती अवघड आहे ते मला बाबांचा चेहरा बघून कळलं, मी त्यांना हा किस्सा सांगितला तेव्हा. “बेताल वाजवणं सोपं,” ते म्हणाले, “पण रोज त्याच जागी बेताल?” बासवर वेल्सचा पिनो पॅलाडिनो, ट्रम्पेटवर रॉय हारग्रोव्ह, काही गाण्यांत चार्ली हंटर, जो आठ तारांच्या एकाच गिटारवर बास आणि गिटार दोन्ही वाजवायचा. यंत्र आधी माणसासारखं डगमगायला शिकलं होतं. आता हाडामांसाची माणसं त्या यंत्रासारखी डगमगायला बसली.

ती बसली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, वेस्ट एट्थ स्ट्रीटवरच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. हा स्टुडिओ गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं बांधून घेतला, १९७० साली तो सुरू झाला आणि काही आठवड्यांत हेंड्रिक्स गेला. १९९६च्या सुमारास डिअँजेलोची मंडळी तिथं शिरली ती तीन-साडेतीन वर्षं बाहेर पडेनात. कामाची पद्धत ऐकली तर आपल्याकडच्या कुठल्याही निर्मात्याला घाम फुटेल. प्रिन्स, जेम्स ब्राउन, स्टीव्ही वंडर या दिग्गज गायकांच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ टेप आणून बघायच्या. जुने अल्बम वाजवत बसायचं. त्यातून काहीतरी तिसरंच निघायला लागलं की टेप चालू असायचीच. आणि ती खरीखुरी टेप होती. ध्वनिमुद्रणकार रसेल एलेव्हाडोनं हे सगळं जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीनं मुद्रित केलं. त्याच इमारतीत, त्याच सुमारास, याच वर्तुळातले गायिका एरिका बाडू आणि रॅपर कॉमन आपापल्या अल्बमवर काम करत होते. वादक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे. एका वाड्यात तीन बिऱ्हाडांच्या चुली, तसा प्रकार.

एडिसनला असताना मी एकदा त्या रस्त्यावर मुद्दाम गेले होते. चपलांची दुकानं, गर्दी, आणि एक दार. एवढंच. मी दोन मिनिटं समोर उभी राहिले आणि मग भूक लागली म्हणून निघाले.

‘वूडू’ जानेवारी २०००मध्ये आला आणि थेट ‘बिलबोर्ड’च्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातले शब्द मात्र कळत नाहीत. अमेरिकन लोकांनाही कळत नाहीत, हा मला मोठाच दिलासा होता. तो स्वतःचाच आवाज थरांवर थर चढवून गातो. एक सूर पुटपुटणारा, एक त्यावर कण्हणारा, एक अगदी वरच्या पट्टीत हवेसारखा, आणि शब्द त्यात विरघळतात. ज्यांनी ख्याल ऐकलाय त्यांना याचं अप्रूप वाटू नये. विलंबित ख्यालात अस्ताईचे शब्द कोण मोजतं? पण पॉप संगीतात शब्द म्हणजे गाण्याचा पत्ता. तो त्यानं पुसून टाकला. गायिका रोबर्टा फ्लॅकनं गाजवलेलं ‘फील लाइक मेकिंग लव्ह’ त्यानं या अल्बममध्ये घेतलंय. मूळ गाण्यात शब्द स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखे. याच्याकडे तेच शब्द उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे येतात. मला दोन्ही आवडतात, पण रात्री अकरानंतर हेच.

आणि मग तो व्हिडिओ. ‘अनटायटल्ड (हाऊ डझ इट फील)’. काळी पार्श्वभूमी, उघडा देह, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, बाकी काही नाही. गाणं म्हणून ते प्रिन्सच्या सावलीत उभं आहे आणि ते त्यानं लपवलेलंही नाही. सात मिनिटांचा चढ आहे. आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो आणि ऐन शिखरावर, शब्द अर्ध्यात असताना, गाणं कापल्यासारखं बंद होतं. सीडीवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चकती खराब आहे, चार डॉलरच्या मालाचं असंच व्हायचं. मग कळलं, असंच आहे.

गाण्यातली ही धिटाई किती लोकांच्या लक्षात राहिली? पोट लक्षात राहिलं. २०००च्या दौऱ्यात तो महिनोन्‌महिने घडवलेलं संगीत घेऊन रंगमंचावर यायचा, मागे इतक्या तोलामोलाचे वादक, आणि समोरून ओरडा व्हायचा, शर्ट काढ. पहिल्या गाण्यापासून. चर्चमध्ये वाढलेल्या, बुजऱ्या माणसाला हे कसं लागलं असेल ते त्याच्या सोबत्यांनी पुढे बोलून दाखवलंय. बायकांच्या वाट्याला हे रोजचंच आहे, एका पुरुषाच्या वाट्याला आलं म्हणून एवढी हळहळ का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं आणि टिकलं नाही. कारण त्या ओरडणाऱ्यांत मी होते. प्रत्यक्ष नसेन, पण ते दुकान, ते चार डॉलर, ती खिदळ.

त्यानंतर चौदा वर्षं अल्बम नाही.

इथं एक मोह होतो. ज्याचा ठेका मागून येतो त्याचा अल्बमही मागूनच येणार, असं एक चटकदार वाक्य लिहून टाकण्याचा. मी ते पूर्वी एकदा एका दिवाळी अंकासाठी लिहिलंही होतं आणि लोकांनी वा वा केली होती. आज मला ते वाक्य खोटं वाटतं. ठेका मागे ठेवणं ही त्याची निवड होती. त्यामागे हजारो तासांचा रियाज होता. ती चौदा वर्षं निवडलेली नव्हती. त्यात दारू होती, अमली पदार्थ होते, अटक होती, २००५ साली जीवावर बेतलेला मोटार अपघात होता. फेब्रुवारी २००६मध्ये जे डिला गेला, वयाच्या ३२व्या वर्षी, रक्ताच्या दुर्मीळ आजारानं. त्याच्या मरणानं डिअँजेलो हादरला. माणूस बुडत असतो तेव्हा तो लयीत बुडत नाही. कलावंताच्या पडझडीला शैली म्हणणं ही आपली, काठावर बसलेल्यांची सोय.

१५ डिसेंबर २०१४. ‘ब्लॅक मसाया’ कसलाही गाजावाजा न करता आला. अल्बम खरं तर पुढच्या वर्षी यायचा होता. ऑगस्टमध्ये मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसनला मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीनं मेला, नोव्हेंबरच्या अखेरीस त्या पोलिसावर खटला भरायचा नाही असं ठरलं, रस्ते पेटले आणि डिअँजेलोनं घाई केली. घाई! या माणसानं! मुखपृष्ठावर या वेळी त्याचं अंग नाही, चेहराही नाही. गर्दीचे उंचावलेले हात आहेत. आतल्या टिपणात तो म्हणतो की हा मसीहा म्हणजे मी नव्हे, फर्ग्युसनमध्ये, इजिप्तमध्ये, वॉल स्ट्रीटवर उठून उभे राहिलेले सगळे लोक. ‘द शरेड’ या गाण्यात पोलीस रस्त्यावरच्या प्रेताभोवती खडूनं काढतात त्या रेघेचा उल्लेख आहे. बोलायची संधी मागायला गेलेल्यांना ती रेघ मिळाली, असा. हे गाणं नाचता येईल अशा ठेक्यावर आहे. मी पहिल्यांदा ऐकताना मान डोलावत होते, आणि शब्द कळल्यावर मान कुठे ठेवावी ते कळेना.

टेप, जुनी यंत्रं, संगणकाची करामत नाही, हे सगळं इथंही तसंच. पण आवाज जाड झालाय, गिटार बरीचशी त्याचीच, आणि खडबडीत. मला विचाराल तर ‘वूडू’ मोठा अल्बम आहे आणि ‘ब्लॅक मसाया’ मोठ्या माणसाचा अल्बम आहे. ‘रिअली लव्ह’मधली तंतुवाद्यांची सुरुवात आणि मागोमाग येणारी गिटार ऐकली की चौदा वर्षांचं गाऱ्हाणं करायला तोंड उघडत नाही. २०१६ साली प्रिन्स गेल्यावर जिमी फॅलनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यानं प्रिन्सचंच ‘समटाइम्स इट स्नोज इन एप्रिल’ पियानोवर गायलं आणि एका ओळीला त्याचा गळा दाटला. तो तुकडा मी वर्षातून एकदा बघते. बघते, हो. त्यात तो टोपी, कोट घालून, पियानोमागे बसलेला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला तो गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग, वय ५१. त्याच्या मुलाची आई, गायिका अँजी स्टोन, त्याच वर्षी मार्चमध्ये अपघातात गेली होती. तीन स्टुडिओ अल्बम, काही लाइव्ह मुद्रणं, गायिका लॉरिन हिलबरोबरचं ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’, चित्रपटांसाठी आणि एका व्हिडिओ गेमसाठी गायलेली थोडी गाणी. सगळं मिळून एका रात्रीत ऐकून होतं. माझ्या फोनवर आलेल्या पहिल्याच बातमीसोबत तो जुना उघडा फोटो होता.

आम्ही परत येऊन आता पंधरा वर्षं झाली. मी पुण्यात, बाबा मिरजेतच. वय ८४, कानाला यंत्र. मी त्यांना फोन केला.

“बाबा, तो गेला. न्यू जर्सीत गाडीत लावला होता ना मी, तो.”

“कोण गं?”

“मागे पडणारा.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “पडणारा नव्हे. पाडणारा. काय वय?”

“एक्कावन्न.”

“अरेरे.” खुर्ची करकरली. “लाव की तेच. स्पीकरवर टाक, मी ऐकतो.”

मी लॅपटॉपवर ‘प्लाया प्लाया’ लावलं आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. कुजबुज संपून बास आली. थोड्या वेळानं फोनमधून टकटक ऐकू यायला लागली, खुर्चीच्या लाकडी हातावर. माझ्या इथं आघात होऊन जात होता आणि तिकडची टकटक नंतर, बरीच नंतर पोचत होती.

टकटक थांबली. “अगं, हा आता फारच मागे गेलाय.”

“तो नाही बाबा. नेटवर्क.”

“असं होय,” ते म्हणाले आणि पुन्हा बोटं सुरू झाली.